मातीच्या कबुतरांसाठी जुनी बंदूक

इंग्लंडच्या ग्रामीण भागात रविवारी सकाळी शेताच्या कडेने मोटारींची रांग लागलेली दिसली आणि पलीकडच्या राईतून जोडीजोडीने बार ऐकू येऊ लागले, तरी तेथे पाखरांची शिकार चालली आहे असे मानण्याचे कारण नसते. डांबर आणि चुनखडी यांच्या मिश्रणाची, सुमारे १०८ मिलिमीटर व्यासाची आणि १०५ ग्रॅमच्या आसपास वजनाची एक तबकडी यंत्राने हवेत भिरकवावी आणि ती जमिनीला टेकण्यापूर्वी छऱ्यांनी तिचा चुरा करावा, एवढाच त्या उद्योगाचा हेतू असतो. या निरुपद्रवी खेळाचा पूर्वज मात्र निरुपद्रवी नव्हता. एकोणिसाव्या शतकात पेट्यांत कोंडलेली जिवंत कबुतरे एकदम सोडून त्यांवर नेम धरण्याचा शौक युरोप-अमेरिकेत प्रतिष्ठित गणला जाई, आणि १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीही त्याची स्पर्धा भरली होती. दरम्यान पाखरांच्या जागी काचेचे पोकळ गोळेही आले होते, आणि १८८० साली सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्की याने उडत्या तबकडीचे पेटंट घेतल्यावर त्या गोळ्यांचीही सद्दी संपली. ब्रिटनमध्ये जिवंत कबुतरांचा खेळ १९२१ साली कायद्याने बंद झाला, १९२८ साली ‘क्ले पिजन शूटिंग असोसिएशन’ स्थापन झाली, आणि एके काळी जमीनदारांच्या हिरवळीपुरता असलेला हा शौक हळूहळू सुतार, शिक्षक आणि ट्रकचालक यांच्याही आवाक्यात आला.

त्यांपैकी जो मनुष्य या खेळात नव्याने शिरतो आणि खिशाचा अंदाज घेऊन चालतो, त्याला कोणती बंदूक घ्यावी या प्रश्नाची उत्तरे इतक्या ठामपणे आणि इतक्या परस्परविरुद्ध मिळतात की बिचाऱ्याची मती कुंठित व्हावी. एक पक्ष सांगतो की घ्यायची तर बेरेट्टा किंवा ब्राउनिंग घ्यावी, इतर नावांकडे ढुंकूनही पाहू नये. दुसऱ्याचे म्हणणे असे की तेवढ्याच पैशांत तुर्कस्तानची नवी कोरी बंदूक हमीपत्रासह मिळत असता दुसऱ्याने झिजविलेला जिन्नस विकत घेणे हा निव्वळ अव्यवहार होय. तिसरा पक्ष वृद्धांचा. आजोबांच्या वेळची बर्मिंगहॅमची दुनळी माळ्यावर पडली असता नवा खर्च कशासाठी, असे तो विचारतो. तिन्ही पक्षांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे, परंतु जुन्या बंदुकीची किंमत दोन अगदी भिन्न कारणांनी उतरते, ही गोष्ट तिघांच्याही हिशेबातून सुटते. एक कारण झीज, आणि दुसरे रूढी. झिजेमुळे आलेली स्वस्ताई पुढे कारागिराच्या बिलातून सव्याज वसूल होते. रूढी बदलल्यामुळे आलेली स्वस्ताई मात्र घेणाऱ्याच्या पदरात निखळ लाभ म्हणून पडते. ही दोन कारणे वेगळी ओळखता येणे, यातच जुनी बंदूक घेण्याची बहुतेक सारी विद्या सामावलेली आहे असे मला वाटते.

परवडण्याचा हिशेबही आधी नीट मांडला पाहिजे. काडतूस आणि तबकडी मिळून आज ब्रिटनमध्ये एका बाराला निदान अर्धा पौंड पडतो. सबब पंधरवड्यातून एकदा शंभर तबकड्यांची फेरी करणारा मनुष्य सालअखेर तेराशे पौंडांचा धूर करतो, आणि तेवढ्या रकमेत त्याच देशात उत्तम प्रतीची वापरलेली बंदूक येते. शिवाय उडविलेल्या काडतुसाची किंमत शून्य होते, तर नीट निवडलेली जुनी बंदूक काही वर्षांनी विकली असता जवळजवळ घेतल्याच भावाने जाते. तेव्हा दोनशे पौंड वाचविण्यासाठी खांद्याला न बसणारी बंदूक घेऊन वर्षभर काडतुसे वाया घालविणारा मनुष्य काटकसरी म्हणवून घेत असला, तरी तो उधळाच होय.

आता रूढीचे म्हणाल, तर तिचा अंमल सर्वांत अधिक चालतो तो नळीच्या लांबीवर आणि चोकावर. एका पिढीपूर्वी २८ इंची नळी सर्वसाधारण कामास योग्य मानली जाई आणि जवळच्या, वेगवान तबकड्यांच्या ‘स्कीट’ या प्रकारासाठी २६ इंचीही चाले. आज ३० इंचीस मागणी आहे, ३२ इंचीचा डौल मिरविला जातो, आणि २८ इंची बंदूक निर्दोष असूनही दुकानाच्या कोपऱ्यात पडून राहते. चोकाचे तसेच. नळीच्या तोंडाशी ठेवलेली ही किंचित आवळ छऱ्यांचा झुबका किती दूरपर्यंत एकवटलेला राहील ते ठरविते; पूर्ण चोक म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास आवळ, आणि ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात अशा नळीतून सुमारे ७० टक्के छरे पडावेत, अर्ध्या चोकातून ६०, आणि मुळीच आवळ नसलेल्या नळीतून ४०, असा जुना दंडक आहे. पूर्वी ही आवळ नळीतच कायमची घडविलेली असे. पुढे तोंडाशी आटे पाडून बदलता येणाऱ्या नळकांड्या बसविण्याची चाल पडली, आणि तेव्हापासून कायम चोकाच्या बंदुकांचे भाव घसरले. वास्तविक नवशिक्याच्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक तबकड्या वीस ते पस्तीस यार्डांच्या आतच फुटतात, आणि तेथे एका नळीस पाव व दुसरीस अर्धा चोक असला म्हणजे काही उणे पडत नाही. उलट खिशात पाच नळकांडी बाळगणारा सज्जन प्रत्येक चुकलेल्या बारानंतर ती फिरवीत बसतो, आणि दोष आपल्या नेमाचा की लोखंडाचा याचा निकाल त्याला कधीच लागत नाही. फार आवळ असलेली नळी कारागीर थोड्या खर्चात कोरून सैल करू शकतो. सैल नळी आवळणे मात्र सहसा साधत नाही, एवढे लक्षात ठेवून कायम चोकाची बंदूक खुशाल घ्यावी.

रूढीमुळे स्वस्त झालेली प्रत्येक बंदूक आपल्या कामाचीच असेल, असे मात्र नव्हे. ‘ट्रॅप’ या प्रकारात तबकडी समोरून उठून वर चढत दूर जाते, म्हणून त्या प्रकारासाठी घडविलेल्या बंदुकीच्या दस्त्याचा माथा उंच ठेवून ती मुद्दाम वर मारणारी केलेली असते. अशी बंदूक दोन्ही नळ्यांना भक्कम चोक घेऊन पुष्कळदा निम्म्या भावात मिळते. पण चोहोदिशांनी येणाऱ्या, पडत्या आणि आडव्या तबकड्यांच्या ‘स्पोर्टिंग’ खेळासाठी ती घेणाऱ्याचे बार तबकडीच्या डोक्यावरून जातात आणि त्याला त्याचे कारण उमगत नाही.

नावांकडे वळले असता वापरलेल्या बंदुकांच्या बाजारात एकीकडे जुन्या पेढ्यांची थोरवी दिसते आणि दुसरीकडे पूर्वग्रहांचे साम्राज्य. इटलीतील गार्दोने या गावच्या बेरेट्टा घराण्याने १५२६ साली व्हेनिसच्या शस्त्रागाराला नळ्या पुरविल्याचा दस्तऐवज आजही दाखविला जातो; त्यांच्या ६८०-मालिकेच्या बंदुका, विशेषतः ‘सिल्व्हर पिजन’, इंग्लंडात इतक्या खपल्या की सुटे भाग आणि जाणते कारागीर दर परगण्यात सापडतात. ब्राउनिंगची मूळ एकावर-एक नळ्यांची बंदूक हे जॉन मोझेस ब्राउनिंग यांचे अखेरचे कार्य. १९२६ साली बेल्जममधील लिएज येथे ते वारले आणि ती त्यांच्या मुलाने तडीस नेली. त्या बेल्जियन बंदुका महाग. परंतु १९६० च्या दशकापासून ब्राउनिंगच्या नावाने जपानच्या कोची प्रांतातील मिरोकू कारखान्यात ज्या घडू लागल्या, आणि ज्या हा कारखाना स्वतःच्या नावानेही विकतो, त्यांची घडण तीच असून भाव पुष्कळ कमी असतो. जुनी मिरोकू म्हणजे जड, साधी, नक्षीकामात अगदी काटकसरी, पण पोलादाच्या बाबतीत मुळीच नाही. माझा कल तिच्याकडे आहे हे लपविण्याचे कारण नाही. जपानमध्येच घडलेली जुनी विंचेस्टर १०१ त्याच पंक्तीला बसते. स्पेनच्या बास्क प्रांतातील लॅन्बर काही शे पौंडांत मिळे व अजून मिळते, मात्र तो कारखाना बंद पडल्यामुळे सुट्या भागांचा साठा आटत चालला आहे. रशियातील इझेव्स्कची बैकल ओबडधोबड पण चिवट. निर्बंधांमुळे तिचीही आयात थांबली. तुर्कस्तानच्या नव्या बंदुका पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारल्या आहेत, परंतु त्यांपैकी अनेकींची पेटी, म्हणजे नळ्यांचे बूड आणि चापाची यंत्रणा धरणारा भाग, हलक्या मिश्रधातूची असते. दिवसभर हातात वागविण्यास ती बरी वाटते, आणि शंभराव्या बारानंतर खांदा त्या हलकेपणाचा दाम मागतो. साडेसात ते आठ पौंड वजनाची बंदूक या खेळास योग्य, असे जे जुने जाणते म्हणतात ते याच अनुभवाने.

आजोबांच्या दुनळीविषयी दोन शब्द. शेजारी-शेजारी नळ्यांची इंग्लिश बंदूक हे हस्तकौशल्याचे सुंदर उदाहरण आहे, आणि आज तिचे भाव शोचनीय म्हणावेत इतके उतरले आहेत. पण ती हिवाळ्यात काही डझन बार काढण्यासाठी साडेसहा पौंड वजनात बसविलेली, तिचे काडतुसाचे घर बहुधा अडीच इंचांचे, आणि आजची बहुतेक काडतुसे पावणेतीन इंचांची. लहान घरात मोठे काडतूस शिरते, ते उलगडताना मात्र दाब वाढतो. म्हणून घराची लांबी मोजल्यावाचून अशा बंदुकीत काहीही भरू नये. अर्धस्वयंचलित एकनळी बंदूक, विशेषतः बेरेट्टाची जुनी ३०३, स्वस्त असते आणि वायूच्या जोरावर चालत असल्याने धक्काही सौम्य देते. मात्र तिला नित्य साफसफाई हवी, तिची रिकामी काडतुसे शेजाऱ्याच्या अंगावर उडतात, आणि दुनळी मधोमध मोडून हातावर घेतली की ती निर्धोक असल्याचे दुरूनही जसे दिसते तसे हिच्याबाबत दिसत नाही, म्हणून काही मैदानांवर तिचे स्वागत थंडपणेच होते.

झीज ओळखण्याचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि सुदैवाने सर्वांत सोपाही. नळ्यांखाली डाव्या हाताने धरावयाचे लाकूड प्रथम काढून ठेवावे, कारण त्याच्या ताणाखाली पुष्कळ ढिलाई झाकून जाते. मग बंदूक मिटवून, दस्ता काखेत घट्ट धरून नळ्या डावीउजवीकडे हलवून पाहाव्यात. पुसटसा खडखडाट जाणवला, किंवा खिडकीच्या उजेडासमोर धरली असता नळीचे बूड आणि पेटीचा माथा यांच्या मध्ये प्रकाशाची रेघ दिसली, तर सांधा गेला असे समजावे. माथ्यावरची कळ हाही एक विश्वासू साक्षीदार आहे: नव्या बंदुकीत ती मिटल्यावर मध्यरेषेच्या उजवीकडे थांबते, झिजत जाईल तशी मध्याकडे सरकते, आणि डावीकडे ओलांडून गेली की दुरुस्तीची मुदत भरली. या बाबतीत दोन्ही थोर घराण्यांची रचना भिन्न आहे. ब्राउनिंग-मिरोकूमध्ये पेटीच्या रुंदीभर एक आडवा खिळा असतो, नळ्यांखालचा आकडा त्याच्यावर फिरतो आणि अटकाव खालच्या नळीच्याही खाली पडतो, म्हणून पेटी खोल होते. बेरेट्टात दोन बाजूंना दोन आखूड खुंट्या आणि वर दोन गोल अटकाव, म्हणून पेटी उथळ आणि हात नळीच्या जवळ. बेरेट्टाच्या खुंट्या आणि अटकाव झिजल्यास किंचित मोठ्या मापाचे बसविता येतात, हा तिचा मोठा गुण. उलट मिरोकूचा सांधा ढिला होण्यासच इतकी वर्षे लागतात की नवशिक्याला त्याची चिंता करण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

चापाची परीक्षा नकली काडतुसांनी करावी. या बंदुकांत बहुधा एकच चाप दोन्ही नळ्यांचे काम करतो, आणि दुसऱ्या नळीचा घोडा पहिल्या बाराच्या धक्क्यानेच चापाला जोडला जातो. त्यामुळे दुकानात दुसऱ्यांदा चाप ओढून काहीच झाले नाही तर बंदूक बिघडलेली आहे असा निष्कर्ष काढू नये, दस्त्याच्या बुडाला तळहाताने थाप द्यावी आणि मग ओढावा. दोन्ही घोडे उडवून बंदूक उघडली म्हणजे दोन्ही नकली काडतुसे एकाच क्षणी आणि एकाच अंतरावर पडावीत. एक रेंगाळले तर काडतूस बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरचे काम निघाले, जे जुजबी असते, पण किंमत पाडून मागण्यास पुरेसे असते.

नळ्या आतून पाहाव्यात त्या उजेडाकडे तोंड करून, आणि सावकाश फिरवीत. पोचा आला असेल तर आतल्या प्रकाशाच्या वर्तुळात वाकडेपणा दिसतो. फुगवटा आला असेल तर काळसर कडे दिसते, आणि ते दिसल्यास नळीत कधीतरी चिखल किंवा डाट अडकलेला असताना बार झाला होता असे समजून ती बंदूक परत ठेवावी. पोचा काढता येतो, फुगवट्याचा भरवसा नाही. मग नळ्या आकड्याने बोटावर टांगून नखाने टिचकी मारावी. घागर घेताना आपल्याकडे बायका नाद ऐकतात तसाच हा प्रकार आहे, स्वच्छ आणि लांबणारा नाद आला तर नळ्यांचे आणि वरच्या पट्टीचे झाळकाम शाबूत, बद्द आवाज आला तर कोठेतरी झाळ सुटली आहे. बुडाजवळच्या सपाट भागावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाच्या, अथवा युरोपातील समकक्ष संस्थांच्या खुणा असतात. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळास १६३७ सालची सनद आहे, बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ चे, आणि १८६८ च्या कायद्याप्रमाणे चाचणी न झालेली किंवा झिजून चाचणीच्या मर्यादेबाहेर गेलेली नळी विकणे हा गुन्हा होय. बारा बोरच्या नळीचे माप, म्हणजे एक पौंड शिशाचे बारा गोळे केल्यास एका गोळ्याचा जो व्यास, ०.७२९ इंच भरते; खुणेतील माप आणि आजचे प्रत्यक्ष माप यांची रुजुवात दुकानदाराकडून आपल्यासमोर करून घेण्यात संकोच करू नये.

इतके सारे ठीक निघाले तरी बंदूक अंगाला बसली नाही तर व्यर्थ. रायफलीत मागची दृष्टिखूण लोखंडाची असते. छऱ्याच्या बंदुकीत ती नेमबाजाचा डोळाच असतो, आणि डोळा कोठे येईल हे दस्ता ठरवितो. दस्त्याची लांबी, म्हणजे चापापासून बुडाच्या मध्यापर्यंतचे अंतर, मध्यम बांध्याच्या पुरुषास साडेचौदा इंचांच्या आसपास लागते. गाल टेकतो ती कड किती खाली उतरते आणि दस्ता उजवीकडे किती कललेला आहे, ही मापे त्याहून नाजूक. साधी परीक्षा अशी की डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग उघडावेत: नळीवरची पट्टी अगदी अंगावर मिटलेली आणि टोकाची माशी तिच्या मधोमध दिसली तर दस्ता जुळला, पट्टीची लांबच लांब सडक दिसली तर माथा उंच, आणि पट्टी दिसेनाशी होऊन पेटीची पाठच दिसली तर माथा सखल. डावखुऱ्याने उजव्याचा दस्ता स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. पूर्वीच्या मालकाने दस्ता कापून आखूड केला असेल तर तो बुडाशी जोड लावून लांबविता येतो आणि त्यापायी किंमत बरीच उतरते, म्हणून हा दोष मी सुदोषांत गणतो. पेटीला लागून असलेल्या लाकडात तेल मुरून काळपट झालेला भाग किंवा केसासारखी चीर मात्र बारकाईने शोधावी, कारण धक्का तेथेच उतरतो.

व्यवहाराच्या कायदेशीर अंगाचे फारसे वर्णन नको. १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे पोलिसांकडून पाच वर्षांच्या मुदतीचा दाखला घ्यावा लागतो, नळी २४ इंचांहून आखूड असता कामा नये, अर्धस्वयंचलित बंदुकीच्या कोठीत दोनांहून अधिक काडतुसे मावता कामा नयेत, बंदूक समक्ष हवाली झाली पाहिजे आणि सात दिवसांत तिची वर्दी गेली पाहिजे. दाखला नसलेल्यालाही पोलिसांनी मान्य केलेल्या मैदानावर तबकड्या मारता येतात, आणि मैदानाच्याच बंदुकांवर काही महिने हात बसवून मग खरेदीस निघणे हे सर्वांत शहाणपणाचे. खासगी इसमाकडून भाव कमी पडतो. दुकानदाराकडून घेतल्यास माल समाधानकारक असण्याची जबाबदारी कायदा त्याच्यावर टाकतो, आणि नवशिक्याने तो फरक मोजून द्यावा.

आपल्याकडे हे सारे गणित उलटे होते. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी या देशात शस्त्र बाळगण्यावर घातलेले जोखड १९५९ च्या कायद्यात रूप बदलून राहिले, १९८० च्या दशकात परदेशी बंदुकांची सर्वसाधारण आयात थांबली, आणि तेव्हापासून भारतात शिल्लक राहिलेल्या जुन्या विलायती दुनळ्या वयाने स्वस्त होण्याऐवजी दुर्मिळतेने महाग होत गेल्या. बिकानेरचे महाराज कर्णीसिंह यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळविले आणि राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये; पण पहिले राजे होते आणि दुसऱ्यांच्या पाठीशी सैन्य होते. पुण्याला बालेवाडीस १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने चांदमारीची उत्तम सोय झाली, तरी मध्यमवर्गीय मराठी तरुण तेथे रायफल किंवा पिस्तूल हाती धरतो तो आवडीइतकाच खर्चाच्या हिशेबानेही, असे म्हणण्यास हरकत नाही.

ब्रिटनच्या बाजारावर मात्र अलीकडे नव्या कारणाची छाया पडली आहे. २०२५ साली तेथील सरकारने शिशाच्या छऱ्यांवर निर्बंध घालण्याचा आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. शिशाऐवजी पोलादी छरे आले म्हणजे ते आवळ नळीतून शिशाप्रमाणे दबून निघत नाहीत, म्हणून अर्ध्याहून अधिक चोकातून ते उडवू नयेत असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. परिणामी पूर्ण चोकाच्या जुन्या बंदुकांना विकणारे पुष्कळ झाले आहेत आणि घेणारे थोडे. ही घसरण झिजेचीही नव्हे आणि केवळ रूढीचीही नव्हे. तरी पेटी घट्ट, नळी जाड भिंतीची आणि काडतुसाचे घर पावणेतीन इंचांचे असलेली एखादी २८ इंची मिरोकू त्या गर्दीत हाती लागली, तर चोक कोरून सैल करण्याचा कारागिराचा दर आधी विचारून तो मागितलेल्या किमतीतून वजा करावा, कोरल्यानंतर नळी फेरचाचणीस पाठवावी लागेल काय याची खातरजमा त्याच्याकडूनच करून घ्यावी, आणि मगच बयाणा द्यावा.